२^१२७ − १ : प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४, रविवार

आमचे गणपती दीड दिवसाचे. दुपारी विसर्जन उरकलं, दुकान उघडायचं नव्हतं, म्हणून खणातला आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, बाहेर काढला. एका वजनकाट्याच्या चाचणीसाठी घेतला होता, काम झाल्यावर तसाच पडून. १६ मेगाहर्ट्‌झ, २ किलोबाइट रॅम, एका वेळी आठच बिट हाताळणारा प्रोसेसर. त्याला काम नेमून दिलं: मोठ्या संख्यांची तयार लायब्ररी न वापरता खालची संख्या मूळ आहे हे दाखवायचं.

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

अंक ३९. दोनचा १२७वा घात, त्यातून एक वजा. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितीनं १८७६ साली ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही यंत्राशिवाय. पुढे १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षं, हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती.

अण्णांनी कागद मागून घेतला आणि तीन-तीन अंकांचे गट पाडत मोठ्यानं वाचला. मग विचारलं, "परार्धाच्या किती पुढे जाते रे?" परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. परार्ध गुणिले परार्ध करायचं आणि तसे १७,०१४ घ्यायचे, तेव्हा कुठे ही संख्या. "म्हणजे हिला नावच नाही," असं म्हणून कागद परत दिला.

९ सप्टेंबर

सरळ भागून बघता येईल का? वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९. तिथपर्यंतच्या प्रत्येक संख्येनं भागायची गरज नाही, कारण मर्सेन संख्यांच्या, म्हणजे दोनच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या संख्यांच्या, भाजकांवर बंधन असतं. q या मूळ संख्येनं २^१२७ − १ ला भाग जात असेल, तर q नं भागल्यावर दोनचे घात १२७ पायऱ्यांनी फिरून एकावर येतात. १२७ स्वतः मूळ, म्हणून चक्र त्याहून छोटं असू शकत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार q − १ पायऱ्यांनीही एकच येतो, तेव्हा १२७ नं q − १ ला भाग गेलाच पाहिजे. q विषम, म्हणून q ला २५४ नं भागून बाकी १. शिवाय आठनं भागून बाकी १ किंवा ७.

एवढी चाळण लावूनही उरतात सुमारे २.५ × १०^१६ उमेदवार. सेकंदाला दहा लाख तपासले तरी आठशे वर्षं. मार्ग बंद.

१४ सप्टेंबर

वापरायची ती ल्यूकाची कसोटी, १९३० च्या सुमारास डेरिक लेमरनं नीट बसवून दिलेल्या रूपात. चारनं सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. घातांक p असेल तर p − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. आपल्यासाठी १२५ वेळा.

आधी छोट्या भावंडावर, म्हणजे २^७ − १ = १२७ वर, हातानं करून पाहिलं. पाच पायऱ्या. भागाकार करावा लागत नाही ही यातली खरी गंमत. १२८ ला १२७ नं भागून बाकी एक. म्हणून संख्येत १२८ किती वेळा बसतो ते काढायचं आणि ते उरलेल्या भागात मिळवायचं. कापडाची घडी घालावी तसं.

४² − २ = १४
१४² − २ = १९४ = १ × १२८ + ६६ → ६७
६७² − २ = ४४८७ = ३५ × १२८ + ७ → ४२
४२² − २ = १७६२ = १३ × १२८ + ९८ → १११
१११² − २ = १२३१९ = ९६ × १२८ + ३१ → १२७, म्हणजे शून्य

झालं. १२७ मूळ आहे, हे अर्थात शाळेपासून माहीत होतं.

दुसरी गंमत अशी, की १२७ स्वतः मर्सेन मूळ संख्या आहे आणि तीच आपल्या मोठ्या संख्येच्या घातांकात बसली आहे. २ वरून ३, ३ वरून ७, ७ वरून १२७, १२७ वरून ही. पाचही मूळ. पुढची कडी, म्हणजे हाच आकडा घातांकात घेतला तर येणारी संख्या, मूळ आहे की नाही कुणालाच माहीत नाही. तिच्यात सुमारे ५ × १०^३७ अंक असतील, तेव्हा ही कसोटी तिच्यापुढे हात टेकते.

१५ सप्टेंबर

रचना ठरवली. १२७ बिट म्हणजे १६ बाइट आणि वरची एक बिट रिकामी. वर्ग ३२ बाइटांचा. वर्ग, वजा दोन, घडी: तीन फंक्शनं. घडी बाइटच्या शिवणीवर पडत नाही, एक बिट अलीकडे पडते. म्हणून वरचा अर्धा भाग एका बिटनं डावीकडे सरकवून मग मिळवायचा. उत्तर दहाच्या पायात छापण्यासाठी दहानं भागत जाणारं चौथं फंक्शन. रॅम शंभर-सव्वाशे बाइट लागेल. ऐसपैस.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, रात्रभर ढोल. आज गिऱ्हाईक कमी. गुणाकार लिहिला. १९४ पर्यंत ठीक, पुढे कचरा. तासाभरानं सापडलं: या चिपवर साधा पूर्णांक १६ बिटांचा आणि चिन्हासकट. दोन बाइटांचा गुणाकार २५५ × २५५ = ६५०२५ पर्यंत जातो आणि त्या डब्यात मावतं ३२७६७. उरलेलं ऋण होऊन बसतं. गुणण्याआधी एकाला चिन्हविरहित करून घेतलं. वजनकाट्यांचे प्रोग्राम बघणाऱ्याला हे पाठ असायला हवं. असो.

यातून धडा घेऊन यंत्राला ताळा शिकवला. आपण नऊचा ताळा घेतो तो दहाच्या पायात अंक मिळवून. यंत्राचा पाया २५६, म्हणून त्याचा ताळा २५५ चा: सगळे बाइट मिळवा, बाहेर पडलेला हातचा परत आत घ्या. प्रत्येक वर्गानंतर, घडी घालायच्या आधी, ताळा. चुकला तर लाल दिवा.

२२ सप्टेंबर, रविवार

लाल दिवा लागत नाही. उत्तर मात्र चुकीचं.

मालिकेतली सुरुवातीची पदं ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. पुढचं पद यंत्र छापतं ते फोनच्या कॅल्क्युलेटरशी पहिले पाच अंक जुळतं, नंतर वाट सोडतं. फोन आठ अंकांपुढे गप्प बसतो. पूर्ण बरोबर उत्तर हवं होतं आणि लायब्ररी नाही म्हणून बसलो होतो, तेव्हा अण्णांकडे गेलो.

अण्णांनी चाळीस वर्षं एका कापड दुकानात दिवाणजी म्हणून काम केलं. आता ब्याऐंशी वय, मोतीबिंदू काढलेला, पण पेन्सिल अजून कानावर. एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली आणि दहा अंकी आकड्याचे पाच-पाच अंकी दोन तुकडे केले: १४१६३ आणि १७९५४. पहिल्याचा वर्ग २००५९०५६९. दुसऱ्याचा वर्ग ३२२३४६११६. तो करताना १८००० धरून ४६ वजा केले, तोंडातल्या तोंडात. मग दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. पहिला तुकडा दहा घरं सरकवून, दुप्पट पाच घरं सरकवून, तिसरा जागेवर, तिघांची बेरीज. वीसेक मिनिटं.

नऊचा ताळा घेतला, जुळला. मी कागद उचलायला गेलो तर म्हणाले, "थांब, अकराचा राहिलाय." उजवीकडून एक आड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे. पाच यायला हवे होते, आले सात.

पत्रिका डोळ्यांजवळ नेली. दुप्पट होती ५०८५६५००४. बेरजेत उतरवताना त्यांनी ५०८६५५००४ लिहिली होती. पाच-सहाची अदलाबदल.

"नऊचा कसा जुळला मग?" मी.

"नऊचा ताळा अंक मोजतो, घर मोजत नाही. कुठलाही अंक कुठेही बसव, त्याला फरक कळत नाही. पगारपत्रकात माणसं जास्त करून हीच चूक करतात, म्हणून आम्ही दोन्ही घ्यायचो."

दुरुस्त केलेली बेरीज २००५९५६५४६८२२७४६११६. दोन वजा केले की पुढचं पद २००५९५६५४६८२२७४६११४. पत्रिका वर्कबेंचच्या वर टाचणीनं लावली आहे. लग्न कधीच होऊन गेलंय.

२३ सप्टेंबर

रात्री झोपताना उजेड पडला. यंत्राचा २५५ चा ताळा म्हणजे नऊच्या ताळ्याचाच सख्खा भाऊ. २५६ ला २५५ नं भागून बाकी एक, म्हणून प्रत्येक बाइटचं वजन एकच. तो कुठल्या घरात आहे हे ताळ्याला दिसतच नाही. म्हणजे माझी चूक मूल्याची नसून घराची असणार.

अकराच्या ताळ्याचा भाऊ २५७ चा: बाइट एक आड एक मिळवायचे आणि वजा करायचे. तो घातला आणि पहिल्याच मोठ्या वर्गाला लाल दिवा.

२९ सप्टेंबर

सापडली. गुणाकाराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी उरलेला हातचा मी एका घरानं अलीकडे ठेवत होतो. छोट्या संख्यांत तो हातचा शून्यच असतो, म्हणून १४१६३१७९५४ पर्यंत कळलं नाही. एक अक्षर बदललं. यंत्रानं छापलेलं पद आणि पत्रिकेवरचं पद: एकोणीसच्या एकोणीस अंक जुळले. अण्णांना दाखवलं. पत्रिका न बघता नुसतं "हं" म्हणाले.

२ ऑक्टोबर

दुकान बंद. पूर्ण १२५ पायऱ्या चालवल्या. निकाल अर्ध्या सेकंदाच्या आत आला.

"संयुक्त."

दोन्ही ताळे हिरवे. पुन्हा चालवलं, पुन्हा संयुक्त. १८७६ पासून जगाला माहीत असलेली गोष्ट माझ्या टेबलावर खोटी ठरत होती. तेव्हा चूक कुणाची याबद्दल शंका नव्हती, फक्त कुठे ते कळेना. वैतागून घातांक ७ घातला. संयुक्त. १३? संयुक्त. ३? संयुक्त. तीनसाठी संख्या ७ येते, आणि सात संयुक्त म्हणणारं यंत्र घरात ठेवण्यात अर्थ नाही. दुपारी झोपलो.

५ ऑक्टोबर

छापायला सांगितलं: शेवटची बाकी दहाच्या पायात नको, बाइट जसेच्या तसे दाखव.

२५५ २५५ २५५ … असे पंधरा वेळा, आणि शेवटी १२७.

एकशे सत्तावीसच्या एकशे सत्तावीस बिट एक. म्हणजे स्वतः २^१२७ − १. म्हणजे तिनं भागून बाकी शून्य! यंत्र बरोबर उत्तरावर येऊन उभं होतं आणि मी त्याला विचारत होतो, "सगळे बाइट शून्य आहेत का?" नाहीत, म्हणून ते संयुक्त म्हणत होतं.

१४ तारखेची नोंद उघडून बघितली. "९६ + ३१ → १२७, म्हणजे शून्य." तिथे हे "म्हणजे" मी डोक्यानं केलं होतं. प्रोग्राममध्ये ते लिहायचं राहिलं.

नीट विचार केला तर घडीनं शून्य येणंच शक्य नव्हतं. घडी म्हणजे दोन भागांची बेरीज. दोन्ही भाग शून्य असतील तरच ती शून्य, आणि तसं व्हायला मुळातली संख्याच शून्य हवी. दोन वजा करून मग घडी घातली, की जगातली प्रत्येक मर्सेन मूळ संख्या या प्रोग्रामला संयुक्तच दिसणार. आधी घडी घालून मग दोन वजा केले असते तर बहुधा आपोआप सुटलो असतो आणि ही खोच कधी कळलीच नसती. या पद्धतीत शून्याची दोन रूपं आहेत: एक सगळं रिकामं, एक सगळं भरलेलं. भरलेलं दिसलं की रिकामं कर, अशी एक ओळ घातली.

२^१२७ − १: मूळ. रात्री ९ वाजून १० मिनिटं.

६ ऑक्टोबर

एकाच संख्येला "मूळ" म्हणणाऱ्या यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? ते सगळ्यांनाच मूळ म्हणत असेल तर? परवा ते सगळ्यांना संयुक्त म्हणत होतंच. म्हणून ३ पासून १२७ पर्यंतचे सगळे मूळ घातांक ओळीनं चालवले. "मूळ" आले ते:

३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७, १२७.

बाकी संयुक्त. घातांक ११ साठी संख्या २०४७, म्हणजे २३ × ८९; हातानं नऊ पायऱ्या केल्या तर शेवटी बाकी १७३६ उरते. यंत्रानंही १७३६ छापलं. मला १२७ च्या शून्यापेक्षा या १७३६ नं जास्त बरं वाटलं. शून्य चुकूनही येऊ शकतं, १७३६ चुकून यायचं नाही.

ही यादी मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये छापलेल्या यादीशी ताडून बघण्यासारखी आहे. त्यानं ६७ आणि २५७ घेतले होते, ते चूक. ६१, ८९ आणि १०७ गाळले होते. १२७ मात्र बरोबर घेतला होता. कशाच्या आधारावर, देव जाणे. ६७ संयुक्त आहे हे ल्यूकानंच १८७६ मध्ये दाखवलं, पण या कसोटीचा स्वभाव असा की भाजक न दाखवता ती संयुक्त ठरवते. भाजक मिळाले १९०३ मध्ये. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला, एका बाजूला २^६७ − १ लिहून काढलं, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. तोंडातून शब्द न काढता जागेवर जाऊन बसला.

अण्णांना ही गोष्ट फार आवडली. जेवताना दोनदा सांगायला लावली.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. बोर्डाला झेंडूची माळ घातली, आज काढली. पाकळी सॉकेटात गेली होती.

आणखी ताळे. चारऐवजी दहानं सुरुवात केली: शून्य. १२७ ला चारनं भागून बाकी तीन, म्हणून तीननं सुरुवात केलेली चालते (ल्यूकानं हीच मालिका धरली होती: ३, ७, ४७, २२०७…): शून्य. मग सत्तराव्या पायरीला मुद्दाम एक बिट उलटवली: शेवटी काहीच्या काही. उत्तम.

शेवटून दुसरं पद छापून बघितलं आणि थोडा वेळ बघतच राहिलो. एकशे तेवीस पायऱ्या बिटांचा नुसता गोंधळ, ओळ नाही की आकार नाही. आणि एकशे चोवीसाव्या पायरीला एकशे सव्वीस बिट एकसारख्या, नवव्या बाइटची पहिली तेवढी वेगळी. कारण काढलं. शेवटी शून्य यायचं तर आधीच्या पदाचा वर्ग दोन हवा. २^१२७ म्हणजे इथे एक, म्हणून २^१२८ म्हणजे दोन, म्हणून आधीचं पद २^६४ किंवा त्याची उणे बाजू. मूळ संख्येच्या बाबतीत दोनाला तिसरं वर्गमूळ नसतं, तेव्हा तिसरा पर्यायच नाही. दाराबाहेर येऊन दार वाजवावं, तसं हे पद शून्याच्या आधी येतं.

२२ ऑक्टोबर

बातमी आली. नवी सर्वांत मोठी मूळ संख्या: २^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. शोधणारा ल्यूक ड्युरँट; शोधाची तारीख १२ ऑक्टोबर, म्हणजे दसराच. दुकानात एकानं विचारलं, "तुमची किती मोठी?" एकोणचाळीस अंकी, म्हटलं. हसला. हसू दे. तिचा पक्का निकाल याच कसोटीनं लागला. फक्त १२५ पायऱ्यांऐवजी साडेतेरा कोटींहून जास्त.

२७ ऑक्टोबर

आज प्रोग्राम नाही, नुसतं संख्येशी खेळ.

या संख्येच्या जगात दुप्पट करणं म्हणजे बिटांची माळ एक घर फिरवणं. डावीकडून पडलेली बिट उजवीकडून परत आत येते. १२७ वेळा फिरवली की माळ मूळ जागी.

एक वजा केला की मूळपण कुठल्या कुठे जातं आणि ती दोन्ही हातांनी वाटली जाते: २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९. गर्दीत १२७ आहेच, फर्माच्या प्रमेयानं तो असायलाच हवा. काही वजा न करता आपल्या मूळ संख्येला २^१२६ नं गुणलं की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, जिच्या स्वतःखेरीज सर्व भाजकांची बेरीज ती स्वतःच असते. ल्यूकानं पुढे १८८३ मध्ये हनोईच्या मनोऱ्याचं कोडं बाजारात आणलं. त्यात १२७ चकत्या ठेवल्या तर कमीत कमी चाली लागतील बरोबर इतक्याच.

संगणकवाल्यांना हा आकडा वेगळ्या वाटेनं भेटतो: चिन्हासकट १२८ बिटांच्या डब्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. तिची धाकटी बहीण २^३१ − १ = २१४७४८३६४७ ही ३२ बिटांच्या डब्याची मर्यादा, आणि ऑयलरनं १७७२ मध्ये मूळ ठरवलेली.

या धाकटीवरून एक गोष्ट सापडली ती लिहून ठेवतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) उदाहरण आहे: एकानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्यात किती निष्क देईल? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. मूळ संख्येच्या एकच अलीकडे! पहिल्या दिवशी दोनऐवजी एक दिली असती आणि एक दिवस जास्त चालवलं असतं, तर बेरीज बरोबर मूळ आली असती. निष्कांत उत्तर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. अण्णांनी कोष्टक विचारलं (२० कवड्या = १ काकिणी, ४ काकिणी = १ पण, १६ पण = १ द्रम्म, १६ द्रम्म = १ निष्क) आणि पडताळून पाहिलं. "आण्यापैशांपेक्षा काही वेगळं नाही," म्हणाले.

२ नोव्हेंबर, पाडवा

वहीपूजन. नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहून झाल्यावर अण्णांनी दुसऱ्या पानावर पत्रिकेवरचा एकोणीस अंकी आकडा उतरवून घेतला. विचारलं तर म्हणाले, "पुढचा वर्ग करतोय. तू यंत्राला विचारू नको, आणि विचारलंस तर मला सांगू नको."

१० नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस रोज दुपारी तास-दीड तास. चार तुकडे पाडले, दहा गुणाकार, प्रत्येकाला दोन ताळे. दोनदा पान फाडलं. आज चहाच्या वेळी वही पुढे सरकवली:

४०२३८६१६६७७४१०३६०२२८२५६३५६५६१०२१००९९४

बोर्ड जोडला, छापलं, दोघांनी मिळून अंक वाचले. ते वहीतून, मी पडद्यावरून. सदतीसच्या सदतीस.

"अजून किती?"

ही सहावी पायरी. एकशे एकोणीस राहिल्या. सांगितलं, की इथवर भागावं लागलं नाही. आता वर्ग ७४ अंकी होणार, आपल्या संख्येच्या पुढे जाणार, आणि घडी घालावी लागणार. दहाच्या पायात ती पडत नाही, सरळ भागाकारच करावा लागेल. ल्यूकानं त्यासाठी १२७ आडव्या आणि १२७ उभ्या घरांचा पट वापरायची पद्धत सांगितली होती: प्रत्येक ओळीत तीच बिटांची माळ एक-एक घर फिरवून मांडायची, जिथे शून्य तिथे ओळ रिकामी, आणि मग उभ्या बेरजा करून हातचे डावीकडे नेत जायचं, डावीकडून बाहेर पडलेला हातचा उजवीकडून आत.

अण्णांनी सोळा हजार एकशे एकोणतीस घरं मनात मोजली असावीत, कारण थोडा वेळ गप्प होते. मग चष्मा पुसला.

उद्या आणायचं: आलेख कागद, मोठे ताव, चार. एचबी पेन्सिली. खोडरबर.